चार अक्षरांची कांगशी मुद्रा असलेली निळी-पांढरी फुलदाणी शाही असते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका कुटुंबाकडे सुमारे 38 सेंटीमीटर उंचीची निळी-पांढरी चिनी फुलदाणी आहे. आजोबांनी ती 1950च्या दशकात मुंबईतील एका पारशी घराच्या सामानाच्या विक्रीत घेतली होती. तडकलेल्या बर्फासारख्या रेघांच्या निळ्या जमिनीवर पांढऱ्या फुलांच्या फांद्या आहेत आणि बुडाला निळ्या दुहेरी वर्तुळात चार चिनी अक्षरे आहेत. एका विक्रेत्याने ही अक्षरे कांगशी या चिनी सम्राटाची (कारकीर्द 1662 ते 1722) मुद्रा असल्याचे वाचून दाखवले, वस्तू राजभट्टीतील असल्याचे सांगितले आणि ती परदेशी लिलावात पाठवावी असा सल्ला दिला. हे खरे मानावे का, ही फुलदाणी किती जुनी असावी आणि पुढे काय करावे, अशी विचारणा आहे.

अक्षरे विक्रेत्याने बरोबर वाचली आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. पाठवलेल्या छायाचित्रांवरून माझे मत असे की ही फुलदाणी शाही नाही आणि कांगशीच्या काळातीलही नाही. ती बहुधा ग्वांगशू सम्राटाच्या कारकिर्दीत, म्हणजे 1875 ते 1908 या काळात, चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध अशा जिंगदेझेन गावातील खासगी कारखान्यात बाजारासाठी घडलेली असावी. अर्थात ती शंभर वर्षांपेक्षा जुनी, अस्सल चिनी वस्तू असण्याची शक्यता चांगली आहे आणि याच गोष्टीमुळे परदेशी पाठविण्याचा सल्ला धोक्याचा ठरतो. वस्तू हातात घेतल्याशिवाय अंतिम मत देता येत नाही. म्हणून निष्कर्षाइतकीच त्यामागची कारणे सविस्तर देत आहे, म्हणजे घरच्या घरी बरेच काही पडताळून पाहता येईल.

'शाही' हे गुणवत्तेचे विशेषण म्हणून सर्रास वापरले जाते, तसे ते नाही. चिनी मातीच्या भांड्यांच्या बाबतीत शाही म्हणजे दरबाराच्या मागणीवरून, दरबाराच्या खर्चाने आणि दरबाराने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घडलेली वस्तू. जियांगशी प्रांतातील जिंगदेझेन येथे झूशान टेकडीच्या परिसरात मिंग राजवटीपासून (1368 ते 1644) राजभट्टी होती. नमुन्यांची चित्रे पेकिंगहून (आजचे बीजिंग) येत आणि तयार माल तेथेच रवाना होत असे. मिंग काळात नापसंत झालेले नग फोडून पुरून टाकत. 1980च्या दशकापासून झालेल्या उत्खननांत त्या तुकड्यांचे थरच्या थर हाती लागले आणि कोणत्या कारकिर्दीत काय घडत होते याची आजची आपली समज बऱ्याच अंशी त्या तुकड्यांवर उभी आहे. त्यानंतरच्या चिंग राजवटीत (1644 ते 1912) राजभट्टीचा माल पुष्कळदा खासगी भट्ट्यांमध्येही भाजून घेतला जाई, त्यामुळे एखादा नग कोणत्या भट्टीत भाजला हे निर्णायक नसते. तो कोणाच्या आज्ञेवरून आणि कोणत्या कसोटीने स्वीकारला गेला, यावर तो शाही की बाजारी हे ठरते. कांगशीनंतरच्या, अठराव्या शतकातील योंगझेंग आणि चियानलोंग या सम्राटांच्या काळात तांग यिंग हा अधिकारी तेथे होता. 1743 मध्ये त्याने सम्राटासाठी चिनी मातीच्या कामाच्या वीस चित्रांवर स्पष्टीकरणे लिहिली. रेखाटणारे वेगळे आणि रंग भरणारे वेगळे, म्हणजे शेकडो नग एकसारखे उतरतील, अशी कामाची विभागणी त्यात वर्णिली आहे. त्याआधी, 1712 मध्ये, दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने एक भांडे पूर्ण होईपर्यंत सत्तर कारागिरांच्या हातांतून जाते असे लिहून ठेवले होते.

निळ्या-पांढऱ्या भांड्यांमधील जगातील सर्वांत महत्त्वाची मानली जाणारी फुलदाण्यांची जोडी शाही नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. ती डेव्हिड फुलदाण्या या नावाने ओळखली जाते आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हत्तीच्या डोक्यांचे कान असलेल्या, सुमारे 64 सेंटीमीटर उंचीच्या या दोन फुलदाण्यांच्या मानेवर लांब लेख आहे : झांग वेनजिन नावाच्या गृहस्थाने घरच्यांच्या कुशलासाठी धूपपात्रासह त्या एका ताओपंथी मंदिराला अर्पण केल्या, वर्ष 1351. दाता राजघराण्यातील नव्हता. तरीही त्या लेखामुळे चौदाव्या शतकातील काम ओळखण्याचा पक्का आधार मिळाला. 1950च्या दशकात जॉन पोप या अमेरिकन अभ्यासकाने इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील आणि इराणमधील अर्दबीलच्या दर्ग्यातील भांडी या जोडीशी ताडून पाहिली, तेव्हा त्या काळच्या इतर वस्तू एकामागून एक ओळखता येऊ लागल्या. ही जोडी एकत्र आणणारे सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म 1892 मध्ये मुंबईत, बगदादी ज्यू व्यापारी घराण्यात झाला होता.

आता आपल्या फुलदाणीच्या मुद्रेकडे येतो. चार अक्षरांचे वाचन 'कांगशी न्येन झी', म्हणजे 'कांगशीच्या कारकिर्दीत घडविले', असे आहे. कांगशीच्या दरबारासाठी केलेल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर सहा अक्षरे लिहिण्याचा प्रघात होता. आरंभी 'दा छिंग', म्हणजे 'थोर चिंग राजवट', ही दोन अक्षरे असत. मुद्रा लिहिण्याचे काम ठरावीक सुलेखनकारांकडे असल्यामुळे अस्सल शाही मुद्रांमध्ये अक्षरांची ठेवण, रेघेचा दाब आणि अंतरे कमालीची सारखी आढळतात. आपल्या छायाचित्रात रेघा सैल आहेत, दुहेरी वर्तुळ एका बाजूस जुळलेले नाही आणि निळा रंग अक्षरांच्या टोकांना पसरला आहे. एवढ्यावरूनही शंका यावी. पण त्याहून मोठे कारण इतिहासात आहे.

1677 मध्ये जिंगदेझेनच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव लिहिण्यास मनाई केली. भांडे फुटले की ते नाव पायदळी तुडवले जाई, हे त्यामागचे कारण. मनाई कायमची टिकली नाही, पण तिच्यामुळे कांगशीच्या काळातील असंख्य चांगल्या भांड्यांच्या बुडाला नुसती रिकामी दुहेरी वर्तुळे, एखादे पान किंवा दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या चेंगह्वा अथवा श्वान्दे या मिंग सम्राटांची नावे आढळतात. जुन्या सम्राटाचे नाव लिहिण्यात प्रत्येक वेळी फसवणुकीचा हेतू असेच असे नाही, पूर्वसूरींच्या कामाबद्दलचा आदरही असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कांगशीच्या वाट्याला तीच प्रतिष्ठा आली आणि त्या काळच्या बाजारी निळ्या-पांढऱ्या मालावर चार अक्षरांची कांगशी मुद्रा इतकी सर्रास दिसू लागली की ती मुद्रा पाहताच जाणकाराच्या मनात प्रथम ग्वांगशूचा काळ येतो. बुडावर कांगशीचे नाव असणे हे बहुतेक वेळा वस्तू कांगशीची नसल्याचेच चिन्ह असते, हे नवख्याला पटायला जड जाते.

चित्रविषयही याच दिशेने नेतो. हिवाळा संपता संपता, पाने फुटण्याआधी फुलणाऱ्या चिनी आलुबुखाराच्या फांद्या आणि त्यांच्यामागे तडकणारा बर्फ हा नववर्षाशी जोडलेला विषय आहे. कांगशीच्या काळात या नक्षीचे झाकणाचे बुधले आणि फुलदाण्या मोठ्या संख्येने झाल्या आणि युरोपात गेल्या. त्यांतील उत्तमोत्तम नगही बाजारासाठीच होते. पुढे 1860च्या दशकात लंडनमध्ये चित्रकार व्हिस्लर, कवी-चित्रकार रोसेटी आणि त्यांच्या वर्तुळातील मंडळींना निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे अक्षरशः वेड लागले आणि या नक्षीच्या जुन्या बुधल्यांना भरमसाट भाव आला. इकडे तायपिंग बंडाच्या धामधुमीत 1850च्या दशकात उद्ध्वस्त झालेल्या जिंगदेझेनच्या भट्ट्या 1860च्या दशकात पुन्हा उभ्या राहत होत्या. मागणी तयार होती, नमुना माहीत होता आणि कारागिरांना काम हवे होते, तेव्हा तीच नक्षी पुन्हा मोठ्या प्रमाणावर निघाली. मुंबई, कलकत्ता, लंडन, न्यूयॉर्क, कोठल्याही बंदरातील जुन्या घरांत ती सापडते.

आता जो भाग मी स्वतः सर्वाधिक वेळ पाहतो, त्याकडे वळू : बूड, आतली बाजू आणि निळा रंग. मुद्रेची नक्कल करणे सोपे असते, या तिन्हींची कठीण.

बुडाची कड, म्हणजे फुलदाणी टेकते ते झिलई नसलेले वर्तुळ, प्रथम बोटाने चाचपून पहावे. चिंग काळातील शाही भांड्यांची कड, विशेषतः योंगझेंग आणि चियानलोंग यांच्या काळातील, काळजीपूर्वक घोटून गोलसर केलेली असते. चिनी व्यापारी तिला लोच माशाची पाठ म्हणतात. माती पांढरी, घट्ट आणि स्पर्शाला रेशमी लागते. कांगशीच्या चांगल्या बाजारी भांड्यांतही माती दाट असते आणि कड नेटकी कापलेली असते. ग्वांगशू काळातील बाजारी मालाची कड बहुधा रुंद, थोडी खडबडीत आणि खडूसारखी कोरडी असते आणि झिलई जेथे संपते ती सीमा वेडीवाकडी असते. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात हीच लक्षणे दिसतात. कडेवरचा मळ मातीच्या रंध्रांत असमान शिरलेला असावा. सर्वत्र सारखा तपकिरी रंग दिसत असेल तर तो चहाने किंवा रसायनाने मुद्दाम चढवलेला असण्याची शक्यता असते.

त्यानंतर मान पुरेशी रुंद असल्यास हात आत घालावा. चाकावर घडवलेली मोठी फुलदाणी एकसंध उचलली जात नसे. दोन-तीन भाग वेगळे करून पातळ चिखलाने जोडले जात आणि त्या जोडाच्या आडव्या उंचवट्याची जाणीव आतून बोटांना होते. बाहेरून तो जोड घासून लपवलेला असला तरी तिरप्या उजेडात पोटाच्या मध्यावर किंचित फुगवटा दिसतो. याउलट आतली भिंत बाहेरच्या आकाराची तंतोतंत नक्कल करीत असेल, जाडी सगळीकडे सारखी असेल आणि जोड मुळीच नसेल, तर पातळ चिखल साच्यात ओतून केलेली ती आधुनिक वस्तू समजावी. माझ्या मते घरी करता येण्याजोग्या तपासण्यांत ही सर्वांत उपयोगी आहे, कारण मुद्रा आणि नक्षी यांच्या मागे लागलेले नकलाकार आतल्या भिंतीकडे बहुधा दुर्लक्ष करतात.

निळ्या रंगाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कोबाल्टयुक्त खनिज वाटून केलेला रंग कच्च्या, वाळलेल्या भांड्यावर कुंचल्याने लावतात, वरून झिलई देतात आणि सुमारे 1300 अंश सेल्सिअसला एकदाच भाजतात. लावताना तो रंग करडा-काळा दिसतो, निळेपण भट्टीतून निघाल्यावरच कळते आणि कच्ची माती पाणी तत्काळ शोषत असल्यामुळे मारलेली रेघ पुसता येत नाही. म्हणून हात बसलेल्या कारागिराच्या रेघेत एक वेग असतो आणि नकलेत घुटमळ दिसते. पंधराव्या शतकाच्या आरंभी, योंगले आणि श्वान्दे यांच्या काळात, पश्चिम आशियातून आलेले लोहयुक्त कोबाल्ट वापरात होते. ते जेथे दाट साचे तेथे झिलईत काळपट, किंचित खोलगट डाग उमटत. अठराव्या शतकात त्या परिणामाची नक्कल करताना राजभट्टीतील चित्रकार कुंचल्याने मुद्दाम गडद ठिपके देत. भिंगातून पाहिल्यास हे ठिपके रेघेच्या वर शिस्तीत बसवलेले दिसतात. चीनमधील खनिजांत मँगनीजचे प्रमाण जास्त असते आणि ते नीट शुद्ध केले नाही तर रंगाला करडी छटा येते. कांगशीच्या काळात हे शुद्धीकरण फार उत्तम साधले होते. नीलमण्यासारखा स्वच्छ निळा रंग आणि एकाच रंगाच्या चार-पाच छटांचे थर हे त्या काळच्या कामाचे वैशिष्ट्य आहे.

तडकलेल्या बर्फाच्या नक्षीत हे थर विशेष महत्त्वाचे ठरतात. कांगशीच्या चांगल्या बुधल्यांवर निळी जमीन एकावर एक येणाऱ्या कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी भरलेली असते, त्यामुळे ती सपाट न दिसता खोल पाण्यासारखी हलती वाटते. तड्यांच्या गडद रेघा कमी-जास्त जाड असतात आणि फांद्या फुलदाणीच्या गोलाईला धरून वाढतात. आपल्या फुलदाणीवर जमीन एकाच जांभळट निळ्या छटेत भरली आहे, तड्यांच्या रेघा जाळीसारख्या एकसारख्या आहेत आणि फुले ठसा मारल्याप्रमाणे ठरावीक अंतराने बसवली आहेत. काम टाकाऊ नाही, परंतु ते दिवसाकाठी ठरलेले नग संपविणाऱ्या हाताचे आहे.

ती विसाव्या शतकाच्या अखेरीची नक्कल असू शकेल का, हाही प्रश्न टाळता येत नाही. 1950च्या दशकातील खरेदीची हकीकत खरी असेल तर ती शक्यता मावळते, परंतु घरोघरच्या हकीकती पिढ्यानपिढ्या एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूला चिकटत जातात, म्हणून शहानिशा करावी. दहा पटींचे भिंग घेऊन झिलई पहावी. जुन्या झिलईवर वेगवेगळ्या दिशांचे, कमी-अधिक खोल ओरखडे असतात आणि ते खांदा, पोट आणि बूड अशा हाताळणीच्या जागी जास्त असतात. समांतर ओरखडे पॉलिशकागदाचे असतात. नव्या झिलईची भडक चमक मारण्यासाठी नकलाकार हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात, तेव्हा संपूर्ण पृष्ठभाग सारखाच मंद होतो आणि भिंगाखाली बारीक खड्ड्यांनी भरलेला दिसतो. बुडावर इंग्रजीत 'चायना' असा शिक्का असल्यास वस्तू सामान्यतः 1891 नंतरची धरतात, कारण 1890च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव सक्तीचे केले; शिक्का नसण्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही.

प्रयोगशाळेतील चाचण्यांवर या दर्जाच्या वस्तूसाठी पैसे खर्च करू नयेत. क्ष-किरणांच्या साहाय्याने रंगातील मँगनीज आणि कोबाल्ट यांचे गुणोत्तर काढता येते, पण वस्तू शेवटची कधी भाजली गेली हे मोजणाऱ्या तापदीप्ती चाचणीसाठी बुडातून नमुना छिद्र पाडून काढावा लागतो.

किमतीच्या बातम्यांमुळे फार गैरसमज होतात. 2021 मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात घरगुती विक्रीत 35 डॉलरला घेतलेला एक लहान निळा-पांढरा वाडगा योंगले काळातील ठरला आणि न्यूयॉर्कच्या लिलावात 7,21,800 डॉलरला गेला. ही बातमी वाचल्यावर प्रत्येकजण आपली कपाटे उघडतो, हे मी समजू शकतो. पण 2022 मध्ये फ्रान्समधील फोंतेनब्लो येथे झालेला लिलाव मला अधिक बोलका वाटतो. ड्रॅगन आणि ढगांची नक्षी असलेली एक निळी-पांढरी फुलदाणी विसाव्या शतकातील म्हणून 1,500 ते 2,000 युरो अशा अंदाजाने मांडली होती. बोली 77 लाख युरोंवर थांबली आणि शुल्कासह रक्कम 91 लाखांच्या पुढे गेली. तिचे वर्णन करणारा तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला. दोन श्रीमंत बोलीदारांना एखादी वस्तू अठराव्या शतकातील वाटली तर किंमत वाढते. त्याने वस्तूचे वय बदलत नाही, म्हणून भाव हा कालनिर्णयाचा पुरावा म्हणून मी कधीच स्वीकारत नाही.

पारशी घरातून आल्याच्या हकीकतीला मात्र मी महत्त्व देतो. अठराव्या शतकापासून मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन दक्षिण चीनमधील कँटन बंदराला जात आणि रेशमी वस्त्रे, लाखकाम आणि चिनी मातीची भांडी आणत. हे संबंध पुढे हाँगकाँग आणि शांघायपर्यंत वाढले. अशा घरात ग्वांगशू काळातील चांगली सजावटी फुलदाणी असणे अगदी स्वाभाविक आहे. राजवाड्यातील वस्तू बाहेर पडण्याचे मार्ग वेगळे होते : 1860 मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने केलेली युआनमिंगयुआन या उन्हाळी राजवाड्याची लूट, 1900 मधील पेकिंगची लूट आणि राजवट कोसळल्यानंतरची चोरटी विक्री. पहिल्या दोन मोहिमांत हिंदुस्थानी पलटणीही होत्या, त्यामुळे शाही वस्तू भारतात येणे अशक्य नाही. पण तसा दावा करणाऱ्याने निदान जुने पत्र, यादी किंवा पावती दाखवली पाहिजे. आजोबांच्या वेळची पावती, विक्रीचे छापील पत्रक किंवा पाठीमागे ही फुलदाणी दिसणारे एखादे जुने कौटुंबिक छायाचित्र सापडल्यास ते जपून ठेवावे.

शेवटी परदेशी पाठविण्याविषयी. 1972च्या पुरावस्तूविषयक केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती भारतात घडलेली असावी अशी अट व्याख्येत नाही. केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेशिवाय कोणालाही तिची निर्यात करता येत नाही; उल्लंघनास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड आहे. म्हणजे विक्रेत्याचे म्हणणे खरे असो वा माझे, दोन्ही परिस्थितींत ही फुलदाणी देशाबाहेर पाठविण्याचा मार्ग बंद आहे. ती शंभर वर्षांची नाही असे वाटत असल्यास तसे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून आधी घ्यावे लागते. देशात विकायची असल्यास पुरावस्तूंच्या व्यापाराचा परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडेच जावे आणि त्याच्या पावतीवर 'शाही' किंवा 'कांगशी' हे शब्द असल्यास त्यांचा आधार लेखी मागावा.

तोवर फुलदाणी धुऊ नये, विशेषतः बुडाची कड घासू नये, कारण तेथील मळ हाही पुरावाच आहे. उचलताना मान किंवा ओठ न धरता एक हात बुडाखाली आणि दुसरा पोटाला द्यावा. बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारल्यावर आवाज खणखणीत न येता बसका आला, तर कोठेतरी तडा किंवा दुरुस्ती आहे असे समजून अंधाऱ्या खोलीत अतिनील किरणांच्या बॅटरीने पहावे. दुरुस्तीतील राळ आणि रंग झिलईपेक्षा वेगळे चमकतात. पुढील मतासाठी मला बुडाच्या कडेचे तिरप्या उजेडातील जवळून घेतलेले छायाचित्र, मानेच्या आतून घेतलेले एक आणि तड्यांच्या नक्षीचे भिंगातून घेतलेले एक अशी तीन छायाचित्रे लागतील. मुद्रेचे आणखी छायाचित्र पाठविण्याची आवश्यकता नाही.